शिवोलीची एक ध्वनिफीत आणि गाण्याची मालकी

स्मरणिकेत धम्मविषयक लेख असतात, शाळेचा इतिहास असतो, गुणवंतांच्या याद्या असतात. अशा अंकात पाश्चात्त्य धाटणीच्या गाण्याविषयी लेख का, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर आमच्यापाशी आहे. आपल्या वसतिगृहातून गेल्या काही वर्षांत बाहेर पडलेली बरीच मुले-मुली गातात आणि वाजवतात. काही स्वतः गाणी लिहितात. पूर्वी ही मंडळी जयंतीच्या व्यासपीठापुरती गात असत. आता प्रत्येकाच्या हातात ध्वनिमुद्रणाचे साधन आहे, आणि त्याबरोबर ‘तुमचे गाणे आम्ही बाजारात आणतो’ असे म्हणणारी माणसेही त्यांच्या दारी येऊ लागली आहेत. या माणसांना काय उत्तर द्यावे, हे पालकांना उमगत नाही. म्हणून आम्ही या लेखात एका गीतकार-गायकाची हकीगत मांडत आहोत. हा गायक लांबचा नाही. बांदा ओलांडून म्हापशाकडे गेले की तेथून जवळच, शापोरा नदीच्या काठी, बार्देश तालुक्यात शिवोली नावाचे गाव आहे. त्या गावचे रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली ‘गोअन क्रेझी’ नावाची ध्वनिफीत काढली. ती कोणत्याही कंपनीने काढलेली नव्हती, आणि या हकीगतीचे मर्म तेथेच आहे.

प्रथम काही शब्दांचा अर्थ लावून घेऊ. आठ-दहा गाण्यांचा एकत्र काढलेला संच म्हणजे अल्बम. शब्द, चाल आणि गळा ही तिन्ही एकाच माणसाची असली की त्याला गीतकार-गायक म्हणतात. आपल्या परंपरेत हा प्रकार नवा नाही. शाहीर म्हणजे तोच. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मलेले लोककवी वामनदादा कर्डक स्वतः रचत आणि स्वतः गात. लोकगीताची चाल किंवा लोकवाद्याचा ठेका घेऊन त्याला विजेरी गिटार आणि ड्रम यांची जोड दिली की लोक-रॉक तयार होतो. ध्वनिमुद्रणाचा खर्च करणारी, तबकड्या किंवा फिती छापणारी आणि त्या दुकानांपर्यंत पोचवणारी संस्था म्हणजे लेबल. पुस्तकांच्या व्यवहारात प्रकाशकाचे जे स्थान, तेच येथे लेबलचे. मोठ्या कंपन्यांच्या पैशावर व मर्जीवर न चालणाऱ्या लेबलला स्वतंत्र लेबल म्हणतात.

राहिला ‘पंक’ हा शब्द. १९७० च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्क आणि लंडन येथे उदयास आलेले हे संगीत कानाला कर्कश वाटते, आणि त्याचे चाहतेही ते नाकारणार नाहीत. आम्हाला त्यातील आवाजापेक्षा त्यामागील व्यवहार महत्त्वाचा वाटतो. ‘तुम्हाला नीट वाजवता येत नाही’, ‘तुमच्यापाशी पैसा नाही’, ‘तुमची ओळख नाही’ ही तीन कारणे सांगून ज्यांना दारातूनच परत पाठवले जात होते, त्या तरुणांनी मग दारच स्वतःचे बांधले. मँचेस्टर शहरातील बझकॉक्स या वाद्यवृंदाने सुमारे पाचशे पौंड उसने घेतले, एकाच दिवसात चार गाणी मुद्रित केली आणि जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही छोटी तबकडी स्वतःच प्रसिद्ध केली. पहिल्या खेपेस एक हजार प्रती काढल्या होत्या, आणि त्या संपल्यावर पुन्हा छापाव्या लागल्या. अमेरिकेत वॉशिंग्टन शहरात शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांनी १९८० साली डिस्कॉर्ड हे लेबल सुरू केले. त्यांचा वाद्यवृंद मोडला होता आणि कार्यक्रमांतून साठलेले थोडे पैसे शिल्लक होते. ते वाटून न घेता त्यांनी आपली तबकडी काढली, तिची कागदी वेष्टने स्वतः घडी घालून, गोंद लावून चिकटवली. ते लेबल आजही चालू आहे.

या चळवळीतूनच एक वेगळा प्रवाह निघाला. पंक वाद्यवृंद मोडल्यावर त्यातला एखादा गायक एकटाच गिटार घेऊन उभा राही आणि जुन्या लोकगायकासारखा समाजाविषयी गाऊ लागे. इंग्लंडमधील बिली ब्रॅग हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९८३ साली त्यांचा पहिला छोटा अल्बम निघाला, त्यात साथीला केवळ त्यांचीच गिटार होती. लोकगायक पंकच्या घरात राहायला गेला, तो अशा वाटेने. एकट्याने सत्य बोलायचे आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागायची नाही, हे दोघांचे समान सूत्र होते.

आता शिवोलीकडे वळू. रेमो यांचा जन्म ८ मे १९५३ चा. मुंबईच्या सर ज. जी. वास्तुशास्त्र महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस युरोप आणि उत्तर आफ्रिका अशी भटकंती करून ते गोव्यात परतले. त्यांच्यापाशी स्वतः रचलेली गाणी होती, बहुतेक इंग्रजीत, परंतु विषय आपल्या मातीतले. मुंबईतील ध्वनिमुद्रण कंपन्यांना ती नको होती. भारतीय माणसाने इंग्रजीत गायचे तर परदेशात गाजलेली गाणीच पुन्हा गावीत, अशी त्या काळची व्यापारी समजूत होती. स्वतःचे गाणे आणि तेही गोव्याविषयी, ते घेणार कोण?

यावर रेमो यांनी केलेली योजना आज सोपी वाटते, त्या काळी ती धाडसाची होती. त्यांनी चार पट्ट्यांचे कॅसेट-यंत्र मिळवले आणि घरीच ध्वनिमुद्रण केले. सर्व वाद्ये स्वतः वाजवली, मुख्य स्वर आणि पाठीमागचे स्वर स्वतः गायले, मिश्रण स्वतः केले, वेष्टनावरील चित्रही स्वतः काढले. ‘गोअन क्रेझी’ या नावातच श्लेष आहे. भराभर उच्चारले तर ‘वेडा होत चाललो आहे’ असे ऐकू येते आणि सावकाश वाचले तर ‘गोवेकर वेडा’ असा अर्थ निघतो.

हे यंत्र कसे चालते, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण आजच्या मुलांना त्याची कल्पना नाही आणि समजले तर मौज वाटेल. १९६३ साली फिलिप्स कंपनीने आणलेली कॅसेट आपल्या सर्वांच्या घरी होती. तिच्या अरुंद फितीवर लांबीच्या दिशेने चार समांतर पट्ट्या असतात. एका बाजूने वाजवताना दोन, उलटून वाजवताना उरलेल्या दोन. १९७९ साली जपानच्या टिॲक कंपनीने पोर्टास्टुडिओ नावाचे यंत्र आणले. ते या चारही पट्ट्या एकाच दिशेने आणि प्रत्येक स्वतंत्रपणे मुद्रित करू शके. म्हणजे पहिल्या पट्टीवर ताल वाजवून ठेवायचा, तो ऐकत दुसरीवर गिटार, ती ऐकत तिसरीवर आणखी एखादे वाद्य. आता एकच पट्टी उरली आणि गायचे तर बाकीच आहे! तेव्हा तिन्हींचे मिश्रण करून ते चौथ्या पट्टीवर उतरवायचे आणि पहिल्या तीन पुसून मोकळ्या करायच्या. असे करता करता एकटा माणूस दहा जणांचा वाद्यवृंद उभा करतो. मात्र प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढते, आणि एकदा मिसळलेले पुन्हा वेगळे करता येत नाही. तबला मोठा झाला की झाला. म्हणून आधीच सारे डोक्यात पक्के असावे लागते. आवाज स्वच्छ यावा म्हणून फीत दुप्पट वेगाने फिरते, त्यामुळे साठ मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम पंधरा मिनिटे मावतात.

अशाच यंत्रावर अमेरिकेचे विख्यात गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी १९८२ च्या आरंभी न्यू जर्सीतील भाड्याच्या घरात काही गाणी कच्ची म्हणून मुद्रित केली. पुढे मोठ्या स्टुडिओत तीच पुन्हा वाद्यवृंदासह करून पाहिली, तेव्हा त्यांतला प्राण हरवतो असे वाटून शेवटी घरची कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावाने प्रसिद्ध केली. त्यांच्या पाठीशी बलाढ्य कंपनी होती. शिवोलीच्या माणसामागे कोणी नव्हते.

गाणी तयार झाली, पण विकायची कशी? रेमो कॅसेटी घेऊन स्वतःच्या पिवळ्या स्कूटरवरून गोव्यातील दुकानादुकानांत गेले. हा तपशील पुष्कळदा गमतीने सांगितला जातो. आम्हाला तो गमतीचा वाटत नाही. आपल्याकडे भाजीची पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरलेल्या आयांची मुले शिकून मोठी झाली आहेत. माल स्वतः पिकवणे एक, आणि तो स्वतः विकण्याची लाज न बाळगणे हे दुसरे. कलावंत मंडळी बहुधा या दुसऱ्या पायरीवर अडखळतात.

काळही अनुकूल होता, हे मान्य केले पाहिजे. तबकडी काढायची तर मोठा कारखाना लागे, आणि दीर्घकाळ या देशात तबकड्यांच्या व्यवसायावर एचएमव्हीचेच वर्चस्व होते. कॅसेटची प्रत काढायला मात्र एका खोलीतली दोन-चार यंत्रे पुरत. १९८० च्या दशकात गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजसारख्या नव्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेटी गावोगावी पोचवल्या आणि जुनी मक्तेदारी मोडली. त्याच लाटेवर भजने, लावण्या, कव्वाल्या आणि भीमगीतेही घरोघर गेली. नक्कल करून विकणाऱ्यांचाही सुळसुळाट झाला, हे वेगळे सांगायला नको.

पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, रेमो यांनी ‘ओल्ड गोअन गोल्ड’ काढली. आमच्या मते आपल्या किनाऱ्यावरच्या वाचकाने या दोहोंपैकी हीच आधी ऐकावी. तीत जुनी पारंपरिक कोंकणी गाणी नव्या वाद्यसाजात आहेत. गोव्याच्या ख्रिस्ती समाजातील मांडो हा गीतप्रकार संथ, विरहाचा. त्याच्या मागोमाग येणारे दुलपद चपळ, थट्टेखोर. साथीला व्हायोलिन आणि घुमट. घुमट म्हणजे मातीचे मडके, दोन्हीकडे तोंडे असलेले, आणि एका तोंडावर कातडे ताणलेले. पूर्वी ते घोरपडीचे असे. वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाल्यावर बकऱ्याचे कातडे वापरले जाऊ लागले. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. ते वाद्य मंदिरातील आरतीतही वाजते आणि मांडोतही. शिवोलीचा जागर नाताळानंतर होतो आणि त्यात हिंदू व ख्रिस्ती कुटुंबे एकत्र भाग घेतात. ज्या गावात हे घडते तेथला गायक लोकगीताकडे वळला, यात नवल नाही. तेरेखोलच्या अलीकडे राहणाऱ्या आम्हा मालवणी माणसांना मांडोचे शब्द पूर्ण कळत नाहीत, परंतु निम्म्याहून अधिक कळतात, आणि उरलेले चालीवरून लागतात.

१९८६ मध्ये ‘पॅक दॅट स्मॅक’ आली. स्मॅक म्हणजे हेरॉईन. गोव्याच्या किनाऱ्यावर या विषाचा व्यापार वाढत होता आणि एका लोकप्रिय गायकाने त्याविरुद्ध उघडपणे गाणे, हे तेव्हाच्या तरुणांत परिणामकारक ठरले. रॉक संगीत म्हणजे व्यसन, असे समीकरण आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात पक्के बसलेले आहे. हे उदाहरण त्यांनी अवश्य लक्षात घ्यावे. त्याच काळात पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले असता त्यांच्यासमोर रेमो यांनी स्तुतिगीत गाण्याऐवजी गोव्यातील खरी परिस्थिती सांगणारे गीत गायले. स्थानिक पातळीवर मोठा गदारोळ झाला. पंतप्रधानांनी मात्र गाणे आवडल्याचे पत्राने कळवले आणि तो गदारोळ शमला. राजापुढे गायला उभा राहून राजाला गाऱ्हाणे सांगणे ही शाहिराचीच रीत म्हणावी लागेल.

यानंतर मोठ्या कंपन्या स्वतः आल्या. १९८७ च्या ‘जलवा’ चित्रपटाचे शीर्षकगीत, १९९५ च्या ‘बॉम्बे’ मधील ‘हम्मा हम्मा’, २००७ मध्ये पद्मश्री, हा पुढचा प्रवास सर्वज्ञात आहे. काहींना वाटते की कंपनीकडे जाणे म्हणजे तत्त्व सोडणे. आम्ही असे मानत नाही. रेमो कंपनीच्या दारी गेले तेव्हा त्यांच्या हातात आधीच ऐकणारा वर्ग होता, आणि किती प्रती खपतात हे त्यांना स्वतःच्या स्कूटरमुळे ठाऊक होते. ज्याला आपल्या मालाची किंमत ठाऊक आहे, तो वाटाघाट करू शकतो. ज्याला ठाऊक नाही, तो मिळेल ते घेऊन सही करतो.

आपल्या समाजाच्या दृष्टीने पाहिले तर स्वतःचे गाणे स्वतःच पोचवण्याची ही रीत आपण पंकच्या कितीतरी आधी जाणत होतो. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव जात. त्यांना ना नाट्यगृह लागे, ना ठेकेदार. पुढे गीतांच्या छोट्या पुस्तिका आल्या, मग कॅसेटी. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या आणि गाण्यांच्या दुकानांची जी रांग लागते, तिच्यासारखी स्वतंत्र वितरणव्यवस्था या देशात आम्हाला दुसरी माहीत नाही. कोणत्याही मोठ्या कंपनीने ती उभारलेली नाही.

या परंपरेचे नवे रूप म्हणून चेन्नईच्या ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ या वाद्यवृंदाकडे पाहावे. चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांच्या पुढाकाराने तो २०१७ मध्ये उभा राहिला आणि जानेवारी २०१८ मध्ये त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. चेन्नईच्या वस्त्यांतील गाना हा गीतप्रकार, परई हे चर्मवाद्य, रॉक आणि रॅप यांचा त्यात मेळ आहे. त्यांचे नाव ‘जातिविहीन तमिळ’ या संकल्पनेवरून घेतले आहे आणि ती संकल्पना पंडित अयोथी दास यांची. डॉ. बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या अर्धशतकाहून अधिक काळ आधी, १८९८ मध्ये, तमिळ भूमीत शाक्य बौद्ध संघ स्थापन करणारे ते हेच अयोथी दास. आपल्या मुलांनी हे नाव परिपाठात ऐकले आहे. ते रॉक वाद्यवृंदाच्या नावामागे आढळेल, असे मात्र त्यांना वाटले नसावे.

आता मूळ प्रश्न. आपल्या एका माजी विद्यार्थ्याने तीन वर्षांपूर्वी स्वतः लिहिलेले, स्वतः चाल लावलेले एक मालवणी गाणे एका ध्वनिमुद्रण व्यावसायिकाला ठरावीक रकमेला दिले. कागदावर काय लिहिले आहे, हे त्याने वाचले नाही. गाणे लोकप्रिय झाले. त्यानंतर आपल्याच गावच्या कार्यक्रमात ते गाऊन त्याचे चित्रीकरण त्याने प्रसारित केले, तेव्हा ते काढून टाकण्यात आले. कारण काय, तर हक्क दुसऱ्याचे! मुलगा हताश झाला आणि वर्षभर त्याने लेखणी उचलली नाही. त्याची आई आमच्याकडे येऊन म्हणाली, “सर, गाणा माझ्या झिलान लिवल्यान, मगे ता त्याचा कसा नाय?” या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तेव्हा तत्काळ देता आले नाही. नंतर आम्ही जाणकारांकडून समजून घेतले, ते येथे नोंदवतो.

१९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार गीताचे शब्द, त्याची चाल आणि त्याचे ध्वनिमुद्रण या तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत, आणि त्यांचे मालक तीन असू शकतात. शब्द व चाल यांवरील हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्याच्या पश्चात साठ वर्षे टिकतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, रचना कागदावर वा फितीवर उतरली की हक्क उत्पन्न होतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो, तोंडी दिलेला हक्क हस्तांतरित होत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना असे संरक्षण दिले आहे की, ध्वनिमुद्रणात समाविष्ट झालेल्या त्यांच्या रचनेच्या वापरातून मिळणाऱ्या मानधनाचा त्यांचा समान वाटा त्यांना करारानेही सोडून देता येत नाही. ‘सर्व हक्क कायमचे दिले’ असे लिहून सही केली असली, तरी हा वाटा उरतो. कवी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत या दुरुस्तीसाठी आग्रह धरला होता.

त्या मुलाच्या कागदावर मुदत लिहिलेली नव्हती, हे आम्हाला पुष्कळ उशिरा लक्षात आले. म्हणजे आणखी दोन वर्षांनी शब्द आणि चाल त्याच्याकडे परत येतील. ध्वनिमुद्रण येणार नाही, ते मुद्रण करणाऱ्याचे. पण तो ते गाणे पुन्हा, स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या आवाजात मुद्रित करू शकेल. त्याने आतापासून तयारी चालवली आहे. चार पट्ट्यांचे यंत्र आता लागत नाही, भ्रमणध्वनीतील साध्या प्रणालीतही कितीतरी पट्ट्या मिळतात आणि खरखर मुळीच वाढत नाही. घुमट त्याने सावंतवाडीहून आणले आहे, बकऱ्याच्या कातड्याचे.

वसतिगृहातील संगीत खोलीत आम्ही हा अल्बम आणि ‘ओल्ड गोअन गोल्ड’ दोन्ही ऐकण्याची सोय केली आहे. कराराच्या नमुन्याची एक मराठी प्रत शाळेच्या कार्यालयात ठेवली आहे. कोणाच्या मुलाकडे गाण्याविषयी कागद आला असेल, तर सही करण्यापूर्वी पालकांनी तो घेऊन शनिवारी दुपारी दोननंतर यावे.